नदीपलीकडे का गेलास?

बेल्स क्रॉसिंग, मिसिसिपी
९ नोव्हेंबर २०१४

थेरॉन,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. आई ठणठणीत आहे, गुडघे सोडले तर. आपण शेवटचं बोललो ते डॅडींच्या मयतीला, आणि तेही "गाडी तिथे लावू नकोस, चिखल आहे" एवढंच. त्याला अकरा वर्षं झाली. फोनच करणार होते, पण तू "हं, हं" म्हणून ठेवून देशील. पत्र निदान फाडायला तरी हातात घ्यावं लागतं.

कारण असं की माझा डेव्हियन आता बारावीला आहे. तू त्याला पाहिलंस तेव्हा तो सहा वर्षांचा होता आणि चर्चमध्ये बाकाखाली झोपला होता. आता दारातून वाकून आत येतो. आणि फुटबॉलचा चेंडू काय फेकतो रे! मी आई आहे म्हणून नाही सांगत. गेल्या दीड वर्षात आमच्या व्हरांड्यात चौदा कॉलेजांचे कोच बसून गेले, माझे कोंबडीचे तुकडे खाऊन गेले, आणि त्यातली बारा कॉलेजं आता गळली. उरली दोन. कुठली ते तू ओळखलंच असशील. आपले हिरवे, आणि नदीपलीकडचे तुझे पिवळे.

फेब्रुवारीच्या पहिल्या बुधवारी त्याने एका कॉलेजच्या कागदावर सही करायची. तोवर गावाला दुसरा विषय नाही. न्हावी अर्धं डोकं भादरून थांबतो आणि विचारतो, "मग? कुठे?" परवा पेट्रोल भरत होते तर म्हातारे हॉलिस काठी टेकत आले. म्हणाले, "व्हर्निता, पोराला समजावून सांग. तुमच्या घराने एकदा आम्हाला दगा दिलाय. बाप एकवीस वर्षं हिरव्यांच्या मैदानावर गवत कापतो, रेषा आखतो, आणि मुलगा जाऊन पिवळा सदरा घालतो! असं कुठे असतं का?"

पंचवीस वर्षं झाली, थेरॉन. यांचा अजून कढ जिरलेला नाही.

काल जेवताना डेव्हियनने विचारलं, "आई, मामा का गेला गं तिकडे?" हॉलिस काय म्हणतात ते मला माहीत आहे. डॅडी काय म्हणायचे ते माहीत आहे, म्हणजे ते काहीच म्हणायचे नाहीत, तुझं नाव निघालं की उठून अंगणात जायचे. पण तू काय म्हणतोस ते मला माहीत नाही. तुला कुणी विचारलंच नव्हतं बहुतेक.

म्हणून विचारते. का गेलास?

तुझी बहीण,
निटा


३० नोव्हेंबर २०१४

थेरॉन,

उत्तर नाही. ठीक आहे. मी तुला लहानपणापासून ओळखते, एका हाकेला तू कधी ओ दिली नाहीस.

थँक्सगिव्हिंगच्या सणाला आईने रताळ्याच्या चार गोड पाई भाजल्या. एक तशीच उरली. तिने ती कुणाला कापू दिली नाही. कुणासाठी ठेवलीय, हे कुणी विचारलं नाही.

तुला हे माहीत नसेल, मी एकोणीस वर्षं शाळेच्या ऑफिसात काम करते. पोरांचे कॉलेजला जाणारे कागद माझ्या हातून जातात. सहीच्या दिवशी पोरगं जिमखान्यात कॉलेजची टोपी घालून फोटो काढतं, टाळ्या होतात, पण कागद जोवर माझ्या फॅक्सच्या यंत्रातून पलीकडे जात नाही तोवर ते कुठलंच नसतं. यंत्राला एक पान गिळायला मिनिटभर लागतं. त्या मिनिटात मी विचारते, "का रे बाबा तिकडेच?" एकाही वर्षी चुकवलं नाही. आजवर अडतीस पोरं झाली.

वर्तमानपत्रात छापतात ती कारणं वेगळी. तिथे सगळी म्हणतात, "घरच्यासारखं वाटलं." माझ्यासमोर काय म्हणतात, ऐक. एकजण राज्यातच राहिला, कारण त्याच्या आजीला पुलावरून गाडी चालवायची भीती वाटायची आणि पिवळ्यांकडे जायला पूल लागतो. एकजण गेला, कारण तिकडच्या कोचने त्याचं नाव पहिल्याच दिवशी बरोबर उच्चारलं. 'टिकॅव्हियस' म्हणून बघ एका दमात, मग कळेल. एक पोरगा म्हणाला, "इथे माझा बाप प्रत्येक मॅचला येईल म्हणून लांब चाललोय," आणि दुसरा म्हणाला, "इथे माझा बाप एखाद्या तरी मॅचला येईल म्हणून थांबतोय." दोघं एकाच वर्षीचे, एकाच बाकावरचे. एकाने पोरीसाठी शत्रूकडे सही केली, आणि ती पोरगी शेवटी हिरव्यांकडे गेली. एकाने नुसते खांदे उडवले. त्याच्या आईला आठवड्यातून तीन वेळा डायलिसिसला न्यावं लागायचं, हे मला नंतर कळलं.

खेळाचं कारण सांगणारी फार तर पाच-सहा. मला याचं नवल वाटत राहतं. एवढे मोठे कोच विमानं घेऊन येतात, मैदानं दाखवतात, चकचकीत पुस्तकं पाठवतात, आणि पोरगं ठरवतं आजीच्या पुलावरून.

कर्टिस म्हणतो, "तुला काय करायचंय गं? नवऱ्याला कधी विचारलंस का, तू ट्रकच का चालवतोस?" मी म्हटलं, "ते मला माहीत आहे, घरी भांडी घासावी लागू नयेत म्हणून." पण तो ट्रक घेऊन गेल्यावर मी खरंच विचार केला, मला काय करायचंय? एवढी पोरं का विचारत बसले मी?

त्याचं उत्तर मला माहीत आहे. पुढच्या पत्रात लिहीन. धीर झाला तर.

निटा


४ जानेवारी २०१५

थेरॉन,

नवं वर्ष सुखाचं जावो. शकुनाची चवळी आणि पाल्याची भाजी खाल्लीस ना एक तारखेला? नसशील खाल्ली तर अजून खा, देव चार दिवस सूट देतो.

आता लिहूनच टाकते.

१९८९. फेब्रुवारीतला मंगळवार, तुझ्या सहीच्या आदला दिवस. दुपारी चारच्या सुमाराला मी एकटी घरी होते. आई चर्चमध्ये, डॅडी कामावर, तू सरावाला. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचा फोन वाजला. हिरव्यांचे मोठे कोच होते, खुद्द. म्हणाले, "बाळ, थेरॉनला निरोप दे. सही करण्याआधी मला फोन कर म्हणावं. त्याला क्वार्टरबॅक व्हायचंय ना? करतो म्हणावं. शब्द देतो." मी ते किराण्याच्या यादीमागे लिहून घेतलं. एक शब्द गाळला नाही.

आणि ती चिठ्ठी मी तुला दिली नाही.

मला माहीत होतं तू कशावर अडला होतास. क्वार्टरबॅकच व्हायचं, चेंडू आपणच फेकायचा. हिरवे तुला मागे उभं करून पळवणार होते, चेंडू फेकू देणार नव्हते. आपल्यासारख्या काळ्या पोराच्या हातात ते तेव्हा चेंडू देतच नव्हते. पिवळे देत होते. ती चिठ्ठी मिळाली असती तर तू राहिला असतास. डॅडींनी पुढची चौदा वर्षं तुझ्या खुर्चीकडे पाठ करून जेवण केलं नसतं.

का नाही दिली? चौदा वर्षांची होते. दोनच दिवस आधी, रविवारी, मी चर्चमध्ये पहिल्यांदा एकटीने गायले होते आणि डॅडी आले नव्हते. मैदान तयार करायचं होतं म्हणे. फेब्रुवारीत, जेव्हा मॅचच नसतात! मला वाटलं, तू हिरवा झालास की या घरात आणखी चार वर्षं हिरव्याशिवाय काही असणार नाही. मला वाटलं, एकदा तरी डॅडींनी हरावं. मी ती यादी चुलीत घातली आणि सकाळी तुझ्यासाठी पाव भाजला.

मग ते हरले, आणि कसे हरले ते मी बघितलं.

अडतीस पोरांना मी हेच ऐकायला विचारत होते, की एका फोनने काही होत नाही. एकानेही तसं म्हटलं नाही. म्हणायचं काही कारणही नव्हतं त्यांना.

आता तुझं काय ते बोल. शिव्या दिल्यास तरी चालतील.

निटा


ग्रेडी, अलाबामा
१० जानेवारी २०१५

निटा,

तू लहानपणीही एवढं बोलायचीस. तीन पत्रं मी एका बैठकीत वाचली. आधीची दोन उघडली नव्हती. तिसरं जाड लागलं म्हणून उघडलं.

चिठ्ठीचं आधी. त्याच मंगळवारी दुपारी बाराला कोचने मला शाळेत गाठलं होतं, मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या फोनवर. हेच बोलले. क्वार्टरबॅक करतो, शब्द देतो. मी म्हटलं, "आभारी आहे सर, पण नको." मग त्यांनी घरी फोन केला, डॅडी सापडतील म्हणून. तू चिठ्ठी दिली असतीस तर मी ती चुरगळून खिशात घातली असती. म्हणजे तू पंचवीस वर्षं जे वाहतेयस ते रिकामं पोतं आहे. खाली ठेव.

का गेलो ते सांगतो. मी मुलांना गणित शिकवतो, पायऱ्या गाळत नाही.

जानेवारीत कोच आपल्या घरी आले होते तो दिवस आठव. तू बहुतेक आत होतीस. डॅडींनी चर्चचा कोट घातला होता आणि हिरवा टाय. आईने केक केला होता. डॅडींना तेव्हा त्या मैदानावर अकरा वर्षं झाली होती. दर शुक्रवारी फक्कीचं यंत्र घेऊन, दोरी लावून, एकेक रेषा. तो कोच दर शनिवारी त्यांनी आखलेल्या रेषेवर उभा राहायचा. बुटांना डॅडींची फक्की लावून टीव्हीवर बोलायचा.

तो येऊन डॅडींच्या खुर्चीत बसला. केकचा तुकडा घेतला आणि म्हणाला, "मग एझेल, तू काय काम करतोस?"

डॅडी हसले. त्यांना वाटलं थट्टा आहे. ते वाट बघत राहिले. कोचने दुसरा घास घेतला. थट्टा नव्हती.

डॅडी म्हणाले, "मैदानाचं काम करतो, सर."

"छान, छान. कष्टाचं काम," कोच म्हणाला. कुठलं मैदान, ते विचारलं नाही. डॅडींनी सांगितलं नाही. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मग स्वतःच्या बुटांकडे.

मी तिथेच ठरवलं. क्वार्टरबॅक वगैरे लोकांना सांगायला ठीक होतं.

डॅडींना हे काय सांगणार होतो? ज्याच्यासाठी तुम्ही रविवारचं चर्च चुकवता, त्याला तुम्ही दिसतसुद्धा नाही, असं? त्यापेक्षा त्यांनी मला गद्दार समजलेलं बरं होतं. तसंच झालं. हिशोब जुळला असं मला वाटत होतं. आता वाटत नाही, पण उशीर झाला.

डेव्हियनला म्हणावं, त्याने त्याचं बघावं. माझ्यावरून काही ठरवू नये.

आईला यातलं काही सांगू नकोस.

थेरॉन


२५ जानेवारी २०१५

थेरॉन,

तुझं पत्र मी आईला दाखवलं नाही. डेव्हियनला दाखवलं. ते तू मना केलं नव्हतंस.

त्याने ते उभ्या उभ्या वाचलं, मग खाली बसून परत वाचलं, आणि मग विचारलं, "आजोबांनी का नाही सांगितलं, तुमच्याच मैदानाचं म्हणून?" मी म्हटलं, "तू सांगितलं असतंस?" तो म्हणाला, "मी तर ओरडून सांगितलं असतं." दोन पिढ्यांत किती फरक पडला बघ. मला बरं वाटलं आणि थोडं रडूही आलं.

मंगळवारी तुझे पिवळे आले. माणूस चांगला आहे, खोटं नाही बोलणार. आईला हात धरून खुर्चीत बसवलं, तुझं नाव काढलं, तू त्यांच्यासाठी टाकलेले जुने चेंडू त्याला तारखेसकट पाठ आहेत. सगळं झाल्यावर डेव्हियन म्हणाला, "कोच, एक विचारू? तुमच्या मैदानावर रेषा कोण आखतं? नाव काय त्यांचं?"

तो मोठ्याने हसला. "पोरा, माझ्या अख्ख्या नोकरीत हे कुणी विचारलं नव्हतं! तू रेषेच्या पलीकडे चेंडू कसा न्यायचा तेवढं बघ." आम्हीही हसलो. विनोद चांगलाच होता.

गुरुवारी हिरवे. हे कोच नवे, चाळिशीचे, बोलताना कान लाल होतात. मी मुद्दाम केक केला होता, आईच्याच कृतीने. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं, भाऊ. ते नेमके डॅडींच्या खुर्चीत बसले. डेव्हियनने तोच प्रश्न विचारला, त्याच शब्दांत.

कोचच्या हातातला काटा थांबला. त्यांनी आठवून पाहिलं, खरंच आठवून पाहिलं, दिसत होतं तोंडावर. मग कान लाल झाले. म्हणाले, "मला माहीत नाही."

"तीन वर्षं झाली मला तिथे," ते म्हणाले, "रोज हात करतो मी त्यांना. पण नाव माहीत नाही. हे बरोबर नाही." नंतर पुष्कळ बोलले, पण जीव नव्हता त्यात. केक अर्धा ठेवून गेले. आई म्हणाली, "काय विचारलंस रे त्या बिचाऱ्याला?"

शुक्रवारी सकाळी आठला फोन. डेव्हियन दात घासत होता, मी उचलला. कोच. म्हणाले, "त्यांचं नाव मार्व्हिन टेट. मी आत्ता त्यांच्या शेडमध्येच उभा आहे. ते म्हणतात, मला रेषा आखायला एझेल प्रुइट नावाच्या माणसाने शिकवलं. प्रुइट म्हणजे तुमच्यापैकी कुणी का?"

या वेळी निरोप मी शब्दन् शब्द दिला, लगेच, त्याच्या तोंडात पेस्ट असतानाच.

डेव्हियन अजून काही बोललेला नाही. दहा दिवस राहिले.

निटा


४ फेब्रुवारी २०१५

थेरॉन,

तुला बातमीत कळलं असेलच. हिरवी टोपी. जिमखाना नुसता दणाणला. हॉलिस काठी टाकून नाचले आणि मग काठी शोधायला चार माणसं लागली.

नंतर तो कागद घेऊन माझ्या ऑफिसात आला. दार लावलं. मी पान यंत्रात घातलं आणि म्हटलं, "का रे बाबा तिकडेच?" आवाज माझा मलाच वेगळा लागला.

तो म्हणाला, "पिवळ्यांचे कोच जास्त आवडले मला, खरं सांगू?"

"मग?"

"या माणसाला माहीत नव्हतं, तर तो माहीत नाही म्हणाला. आणि मग शेडपर्यंत चालत गेला." मग म्हणाला, "आणि आपल्या आजीलाही पूल नको."

मी त्याला म्हटलं, चार वर्षांत हा कोच जाईल, दुसरा येईल, त्यांचं काही खरं नसतं. तो म्हणाला, "माहीत आहे गं. मग मी त्यालाही विचारीन."

आता तुला राग येईल असं लिहिते. तुझं पत्र आईने ऐकलं. मी सांगितलं नाही. पोस्टातल्या एस्टेलने चर्चमध्ये तिला सांगितलं, तुमच्या निटाला अलाबामाहून जाड पाकीट आलंय. आज जेवणं झाल्यावर आई म्हणाली, "माझ्या मुलाचं पत्र घरात तीन आठवडे आहे आणि मला वाचून दाखवायला कुणाला वेळ नाही." मी वाचलं. सगळं. 'आईला सांगू नकोस' हेसुद्धा वाचलं, माझ्या तोंडून निघून गेलं.

मला वाटलं ती रडेल. ती म्हणाली, "त्याला काय वाटलं, मी केक कापत होते म्हणून बहिरी होते?"

तिला माहीत होतं, थेरॉन. पहिल्यापासून. आणि डॅडींनाही माहीत होतं. कोच गेल्यावर कोट काढता काढता ते तिला म्हणाले होते, "ओरा, पोराने पाहिलं." एवढंच. तू सही केलीस तेव्हा त्यांना कळलंच होतं, का ते. तुझ्यावर रागावले नव्हते ते. आई म्हणते, "तुझ्या बापाला तुझ्या भावाकडे बघायची लाज वाटायची. गावाला वाटलं राग आहे, तर त्याने तसंच वाटू दिलं."

म्हणजे तू त्यांच्यासाठी गप्प राहिलास आणि ते तुझ्यासमोर यायला नको म्हणून. आणि मी चुलीत जाळलेल्या कागदासाठी. एका घरात तीन माणसं, आणि विचारायची हिंमत एकालाही झाली नाही.

मी आईला म्हटलं, "तू तरी का नाही बोललीस?" ती म्हणाली, "मी दोघांना वचन दिलं होतं, वेगवेगळं." तुला दिलेलं, 'का गेलास' ते कधी विचारणार नाही असं होतं म्हणे. डॅडींना दिलेलं तिने मला सांगितलं नाही.

मग तिने आणखी एक सांगितलं. तुझ्या कॉलेजच्या तिसऱ्या वर्षी, नोव्हेंबरात, डॅडी एका शनिवारी पहाटे मासे पकडायला म्हणून गेले. गळ दाराआडच राहिला होता. अंधार पडल्यावर आले. जेवायला बसले, पावाला लोणी लावलं. आईने विचारलं, "लागलं का काही गळाला?"

ते म्हणाले, "त्या पिवळ्यांना रेषा आखता येत नाहीत. चाळीस यार्डांच्या पुढे सगळ्या डावीकडे कलतात. मी अगदी वर बसलो होतो, वरून स्वच्छ दिसतं."

मग अर्धा पाव खाऊन झाल्यावर म्हणाले, "पोरगं मात्र सरळ फेकतं."

आईने मला बजावलंय, हे पत्रात लिहायचं नाही. त्याला इथे माझ्यासमोर बसवून मी स्वतः सांगणार, म्हणते. येत्या रविवारी चर्चनंतर जेवायला बोलावलंय तुला. पण तुझा भरवसा नाही, आला नाहीस तर तुला कधीच कळणार नाही, म्हणून मी लिहून टाकलं. निरोप अडवून ठेवायचं वय गेलं माझं.

तेव्हा ये. आणि ती सांगायला लागली की पहिल्यांदाच ऐकतोयस असं तोंड कर.

निटा